गोव्यात खासगी बोट ठरवताय? आधी बोट कुणाची ते बघा

दिवसभर अख्खी बोट आपली, आपलीच माणसं, एकामागून एक बेटं बघायची, वाटेत जेवण, संध्याकाळी सूर्यास्त बघून परत. अशा जाहिराती सध्या इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅपवर खूप फिरतात. त्यातलीच एक खरी धरून आम्ही अठ्ठावीस हजार रुपये दिले. ज्याने बोट विकली त्याच्याकडे बोटच नव्हती. माझं सासर फोंड्याचं, नात्यातली निम्मी माणसं सांगली-कोल्हापूरकडची. गोव्यात राहणाऱ्यांना असं गाठता येतं, तर तिकडून सुट्टी काढून येणाऱ्यांना गाठणं किती सोपं असेल, या काळजीने हे सविस्तर लिहितेय.

निमित्त सासूबाईंच्या पंचाहत्तरीचं होतं. आईंचा जन्म मिरजेचा, लग्नानंतर इतकी वर्षं फोंड्यात काढली, पण फेरीबोट सोडली तर पाण्यावर कधी गेल्या नव्हत्या. सांगलीहून दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन येणार होते. एखादा हॉल घेऊन औक्षण आणि जेवण करण्यापेक्षा आईंना एक दिवस बोटीतून फिरवू या, असं सगळ्यांच्या मनात आलं. पुतणीने जाहिरात शोधली, मी फोन केला.

फोनवरचा माणूस शुद्ध मराठीत बोलत होता. आपण मालवणकडचे, गोव्यात धंदा करतो म्हणाला. पहिल्या दोन मिनिटांतच मला ‘ताई’ म्हणायला लागला. आईंचं वय कळल्यावर म्हणाला, “आजींसाठी वेगळी खुर्ची ठेवतो, काळजीच करू नका.” पांढऱ्या दुमजली बोटीचे फोटो पाठवले, आत सोफे, मागे पोहायची शिडी. लेटरहेडवर कोटेशन आलं, त्यावर जीएसटी क्रमांकसुद्धा होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आठ माणसं, जेवणासह बत्तीस हजार.

आता त्या कोटेशनमधल्या बेटांकडे बघा, कारण फसवणूक तिथेच लिहून ठेवलेली होती. चोडण, दिवाडी, सांत जासिंतो, ग्रँड आयलंड, बॅट आयलंड आणि शेवटी अंजदीव. बाहेरच्या माणसाला ही सहा नावं वाचून केवढी मोठी सफर वाटेल. चोडण आणि दिवाडी मांडवीच्या पात्रात आहेत, पणजीच्या वरच्या अंगाला. रायबंदरहून चोडणला आणि जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट जाते, काही मिनिटांचा प्रवास. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी बघायला जरूर जावं, पण त्यासाठी बत्तीस हजारांची बोट लागत नाही. सांत जासिंतो जुवारीच्या काठाला आहे आणि ते रस्त्याने जोडलेलं आहे, गाडीने जाता येतं. ग्रँड आणि बॅट ही दोन मात्र खरीच समुद्रातली बेटं, वास्कोच्या बाजूला. स्नॉर्कलिंग आणि स्कूबावाले पर्यटकांना तिकडे नेतात.

आणि अंजदीव! ते गोव्याचं असलं तरी आहे कारवारच्या समोर. १४९८ साली वास्को द गामा तिथे थांबला होता, १९६१ च्या डिसेंबरात ते पोर्तुगीजांकडून घेताना आपल्या नौदलाच्या जवानांनी प्राण दिले. आज ते नौदलाच्या कारवारच्या तळाचा, आयएनएस कदंबचा भाग आहे. कुणा एजंटाने मनात आणलं म्हणून पर्यटकांना तिथे उतरवता येत नाही. शिवाय पणजीहून निघून मांडवीतली बेटं बघायची, मग समुद्रात उतरून जुवारीचं मुख ओलांडून ग्रँडला जायचं, तिथून गोव्याची सगळी दक्षिण किनारपट्टी कापून कारवारपर्यंत पोचायचं आणि सहाच्या आत परत पणजीला यायचं, हे त्या फोटोतल्या बोटीला जमणारं नाही. ज्याने ही यादी केली त्याने नकाशावरची नावं उचलली होती, बाकी काही नाही.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. हे लक्षात ठेवा, कारण प्रत्येक वेळी रक्कम अशी असते की तेवढ्यासाठी बेत मोडावासा वाटत नाही. आधी निम्मे, सोळा हजार. चार दिवसांनी ‘बेटांवर उतरण्याची परवानगी’ म्हणून साडेपाच हजार. पावती मागितली तर “बोटीवर मिळेल, ताई.” मग आदल्या रात्री साडेसहा हजार, ‘सुरक्षा ठेव’, संध्याकाळी उतरताना परत मिळणार म्हणे. तोवर सांगलीची मंडळी घरी पोचली होती, जाऊबाईंनी चकल्या आणि बेसनाचे लाडू करून आणले होते, आईंनी दुसऱ्या दिवशी नेसायची साडी काढून ठेवली होती. त्याला हे सगळं माहीत होतं. मीच बोलता बोलता सांगत होते आणि तो आपुलकीने विचारत होता. शेवटचे पैसे त्याने नेमके रात्री आठनंतर मागितले.

बोट पणजीसमोरच्या बेतीच्या धक्क्यावरून सुटणार होती. सकाळी आम्ही वाटेत असताना मेसेज आला की धक्क्यावर गर्दी आहे, नेरूलला कोको बीचवर या. तिथे पोचलो तर रेतीला लागून फायबरच्या होड्या उभ्या, डॉल्फिन दाखवायला नेतात त्या. वर निळं ताडपत्रीचं छत, दोन बाजूंना फळ्यांचे बाक, मागे आउटबोर्ड इंजिन. पांढरी दुमजली बोट कुठेच नाही. एजंटाचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.

एका होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आमच्याकडे आला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर गमछा. “आठ जणांचं बुकिंग तुमचंच ना?” त्याने विचारलं. मी कोटेशन पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं, मग काही न बोलता आपला मोबाईल माझ्यासमोर धरला. त्याला आलेला मेसेज तसाच उघडा होता: आठ माणसं, डॉल्फिन आणि आग्वाद, एक तास, तीन हजार, पैसे पाहुणे रोख देतील.

म्हणजे आमचे अठ्ठावीस हजार घेऊन त्या माणसाने एका होडीवाल्याला एका तासाचं काम सांगितलं होतं आणि त्याची मजुरीसुद्धा आमच्याच खिशातून जाणार होती. असं केल्याने आम्ही धक्क्यावर गेलो तर समोर कुणीतरी बोट घेऊन उभं असतं, भांडण त्याच्याशी होतं आणि तेवढ्या वेळात एजंट फोन बंद करून मोकळा. भाऊजी खरोखरच त्या तांडेलावर ओरडायला लागले होते. मी त्यांना थांबवलं. तो माणूस आमच्याइतकाच फसला होता. त्याने सकाळची दोन गिऱ्हाइकं आमच्यासाठी सोडली होती.

त्याच्याशी बोलताना जे कळलं ते मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचं वाटतं. आम्ही विचारलं, निदान ग्रँडला तरी नेता का? तो लगेच नाही म्हणाला. त्याची होडी नदीच्या मुखापर्यंतच्या सफरीची, पुढे न्यायची नाही. ग्रँडला जाणारे सकाळी लवकर निघतात, दुपारी वारा सुटला की समुद्र खवळतो, येताना लाटा अंगावर येतात. आणि आईंकडे बघून म्हणाला, “एवढ्या वयाच्या बाईला मी तरी नेणार नाही.” त्या एजंटाने फोनवर आम्हाला एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. सहा बेटं? होईल. पंचाहत्तरीच्या आजी? होईल. जेवण जैन हवं? होईल. ज्याला पाणी ठाऊक असतं तो भरती-ओहोटी विचारतो, वारा बघतो, माणसांची वयं विचारतो आणि निम्म्या गोष्टींना नकार देतो. फोनवर सगळ्याला होकार मिळाला तर समजा की बोलणारा कधी बोटीवर उभा राहिलेला नाही.

आई आणि मुलं एवढं येऊन परत जायला तयार नव्हती, म्हणून तांडेलाला त्याचे तीन हजार देऊन आम्ही तासाभराची सफर केली. आग्वादचा किल्ला आणि पायथ्याचा जुना तुरुंग पाण्यातून दिसला, डॉल्फिनही दिसले. होडीत चढायच्या आधी त्याने प्रत्येकाला लाईफ जॅकेट घालायला लावलं, आईंच्या जॅकेटचे बंद स्वतः घट्ट केले. होडीच्या अंगावर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची ती संख्या रंगवलेली होती, तीही त्याने हात लावून दाखवली.

घरी परतल्यावर एजंटाचा स्वतःहून फोन आला. फार माफी मागितली, बोट अचानक नादुरुस्त झाली म्हणाला, सगळे पैसे लगेच परत करतो. मग क्यूआर कोड पाठवला. “स्कॅन करा, ताई, रक्कम दिसेल, पिन टाका की तुमच्या खात्यात जमा.” रक्कम अठ्ठावीस हजारच दिसत होती. पुतणी शेजारी होती, तिने माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला. “काकू, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून जातात.” हे प्रत्येकाने घरातल्या मोठ्या माणसांना समोर बसवून सांगावं. यूपीआयवर पैसे येताना पिन कधीच द्यावा लागत नाही. परतावा देतो म्हणून जो पिन मागतो, तो दुसऱ्यांदा लुटायला आलेला असतो.

त्याच दुपारी आम्ही १९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा क्रमांक आहे. इथे वेळेला फार किंमत आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी तक्रार नोंदली गेली तर बँक ते अडवून ठेवू शकते. व्यवहाराचे क्रमांक, तारीख-वेळ, ज्या खात्यात पैसे गेले ते नाव, संभाषणाचे स्क्रीनशॉट हे हाताशी असलं की काम लवकर होतं. आमचं आदल्या रात्रीचं साडेसहा हजार अडलं. आधीचे पैसे कधीच काढून घेतलेले होते. नंतर पोलीस स्थानकात लेखी तक्रार दिली.

जीएसटी क्रमांकाचं नंतर बघितलं. गोव्यात नोंदलेला क्रमांक ३० ने सुरू होतो, यावरचे पहिले दोन आकडे दुसऱ्याच राज्याचे होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर नाव आलं एका कपड्याच्या व्यापाऱ्याचं. त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक कुठे छापला गेलाय याची कल्पनाही नसेल. हे तपासायला एक मिनिट पुरतं, पैसेही पडत नाहीत.

बोट घेणारच असाल तर बोटीचा नोंदणी क्रमांक आणि परवाना पाठवा म्हणा, आणि परवान्यावरचं नाव व पैसे मागणाऱ्या खात्याचं नाव यांचा मेळ घाला. गोव्यात बोटींची नोंदणी आणि प्रवासी क्षमता बंदर कप्तान खातं बघतं, त्याचं कार्यालय पणजीत मांडवीच्या काठालाच आहे, तिथे विचारता येतं. सफरी विकणाऱ्या एजंटाची नोंदणी पर्यटन खात्याकडे असावी लागते, १९८२ सालापासून गोव्यात तसा कायदा आहे. आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी धक्क्यावर जाऊन ती बोट डोळ्यांनी बघा, तांडेलाशी बोला. बाहेरगावहून येणार असाल तर इथल्या कुणा ओळखीच्याला पाठवा. खरी बोट असलेल्याला ती दाखवायला त्रास होत नाही.

प्रश्न फक्त पैशांचा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली, एकाचा जीव गेला, वीस जणांना वाचवावं लागलं. आमच्या त्या एजंटाने ज्या तांडेलाला गाठलं तो प्रामाणिक आणि सावध निघाला. त्याच्या जागी दुसरा कुणी चार पैशांसाठी आईंना आणि मुलांना त्या होडीतून दुपारच्या वाऱ्यात ग्रँडकडे घेऊन गेला असता तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

जाहिरातीचं ते पान बंद झालं, आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाने सुरू झालं. पांढऱ्या बोटीचे तेच फोटो, बेटांची तीच यादी, त्याच क्रमाने, शेवटी अंजदीव. आम्ही ते पोलिसांना कळवलं आहे. तुम्हाला किंवा ओळखीच्या कुणाला अशी यादी आली असेल तर पैसे पाठवू नका, आणि आधीच पाठवले असतील तर, रक्कम कितीही लहान असो, १९३० ला कळवा. एकाच खात्याविरुद्ध चार ठिकाणच्या तक्रारी आल्या की त्या जोडून तपास करणं सोपं जातं, असं आम्हाला पोलीस स्थानकातल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. आमची तक्रार तिथे पडून आहे, तिला जोड हवी आहे.