कोथरूडमधल्या आमच्या लॅबचा अनुभव: घरी येऊन रक्त नेतात आणि रिपोर्ट नीट समजावतात

आईला डायबेटीस आहे त्यामुळे ब्लड टेस्ट आमच्याकडे नेहमीचीच, आणि हल्ली डहाणूकर कॉलनीजवळच्या एका छोट्या लॅबला बोलवतो. होम कलेक्शन सगळेच करतात, पण यांचं काम बघून खरंच लिहावंसं वाटलं.

सॅम्पल घ्यायला येणारी ताई सकाळी दिलेल्या वेळेला हजर असते, फास्टिंग असलं की आईला ताटकळत ठेवत नाही. शुगरसाठी राखाडी टोपीची ट्यूब, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी) जांभळी. मी विचारलं शुगरला वेगळी का, तर सुई-कापूस आवरता आवरता तिने सांगितलं की रक्त बाहेर काढलं तरी पेशी जिवंत असतात आणि ट्यूबमधली साखर खात राहतात. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे एनर्जी बनवणारे पेशीतले भाग, नसतातच, सगळी एनर्जी ग्लुकोज तोडूनच मिळवायची, मग साध्या ट्यूबमध्ये बाहेर ठेवलं तर ताशी साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते, इन्फेक्शनमुळे पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर अजून जास्त. राखाडीतलं फ्लोराइड हे थांबवतं पण त्यालाही पूर्ण असर व्हायला वेळ लागतो, म्हणून ती बर्फाच्या पॅकची बॅग आणते आणि वाटेत दहा घरं न करता सॅम्पल लवकर पोचवते. आधी एका ठिकाणचा माणूस डिकीत ट्यूबा टाकून दुपारपर्यंत फिरायचा, त्या फास्टिंगच्या आकड्यांवर आता माझा भरवसा नाही.

पण खरे मार्क पॅथॉलॉजिस्ट मॅडमना. आईचं एचबीएवनसी वाढलेलं आणि हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "काकूंचा आकडा एकदम खरा धरू नका." साखर हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या टेस्टमधून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, पण लोह कमी असलं तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. मग फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, करायचं ठरलं, आणि त्यातही त्यांनी सांगितलं की अंगात सूज असली, म्हणजे इन्फ्लमेशन, तर फेरिटिनही वाढतं, आणि लिव्हरमधून हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त येतं जे लोह पेशींमध्ये अडकवून ठेवतं, त्यामुळे लोह अंगात असूनही रक्त बनवायला मिळत नाही. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी टेस्ट, बघा. ते मी लगेच बुक करायला गेले तर म्हणाल्या आत्ता काकूंना सर्दी आहे, सीआरपी वाढलेलंच येईल, बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी करा. टेस्ट नको म्हणणारी लॅब मला पहिल्यांदाच भेटली!

आईच्या पायाची जखम लवकर भरत नाही हेही विचारून घेतलं. शुगर सतत वाढलेली राहिली की जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मंदावतात, त्यांना जखमेपर्यंत पोचायला आणि जंतू मारायला जड जातं, आणि त्याच वेळी बारीक सूज मात्र अंगात कायम धुमसत राहते, दोन्ही एकदम, आणि मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबांना गाऊट आहे, त्यांचंही तसंच, ऐन दुखण्यात युरिक ॲसिड कधीकधी नॉर्मल येतं म्हणून अटॅक ओसरल्यावर परत करायला सांगितलं. सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक साठले की पांढऱ्या पेशी ते गिळतात आणि आयएल-वन-बीटा नावाचा सिग्नल सोडतात, अंगठा लाल होऊन ठणकतो तो त्याने. औषधाचं मात्र स्पष्ट सांगतात, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

कमी काय, तर रिपोर्ट फक्त इंग्रजीत आणि अक्षर इतकं बारीक की बाबांना वाचता येत नाही. स्वतः जाणार असाल तर लॅब पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी घरीच बोलवा. पार्किंग विसरा, वनाज मेट्रोला उतरून रिक्षा करा. दर बाकीच्यांसारखेच आहेत आणि फुल बॉडी पॅकेज गळ्यात मारत नाहीत. रविवारी घरी येत नाहीत, सोमवारचं फास्टिंग हवं असेल तर शनिवारी दुपारच्या आत फोन करून ठेवा.