बाणेरचं हेल्थ चेकअप: रक्त छान घेतात, पण कामाचं कोणी विचारत नाही

कंपनीच्या टायअपमधून पुण्यात बाणेरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरला फुल बॉडी चेकअप केलं. नाव नाही लिहीत, टीममधल्यांचं ऐकलं तर दुसरीकडेही थोड्याफार फरकाने हेच चालतं.

आधी चांगलं सांगतो. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात एकदम हलका, सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. फास्टिंगनंतर उपमा आणि चहा मिळतो, उपमा ठीक, चहा मात्र नुसता पाक, आणि तो शुगर तपासणाऱ्यांनीच पाजायचा म्हणजे कमाल आहे.

आता खरी गोम. लिपिड, थायरॉईड, बी१२, ईसीजी, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हार्ट तपासतात ते) सगळं झालं आणि शेवटी डॉक्टर भेटले ते जेमतेम पाच मिनिटं. सिगारेट? दारू? घरात कोणाला शुगर? बीपी जरा वर आलंय, मीठ कमी करा, चाला. बास! आठवड्याला किती तास काम करता, झोपता किती वाजता, काही नाही. अहो समोर बसलेली अर्धी पब्लिक हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली, रात्री यूएसचे कॉल आणि सकाळी परत लॉगिन, त्यांना मिठाचं काय विचारताय.

डब्ल्यूएचओ आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ मध्येच सांगितलंय की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त, आणि हार्टच्या आजाराने जाण्याचा १७ टक्के. २०१६ या एकाच वर्षात अशा लांबलचक कामापायी जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. जपानमध्ये ५० किंवा जास्त लोक असलेल्या ऑफिसांना २०१५ पासून वर्षातून एकदा स्ट्रेस चेक द्यावाच लागतो, रक्तबिक्त काही नाही, साधी प्रश्नावली, आणि रिझल्ट थेट तुमच्या हातात, तुम्ही हो म्हटल्याशिवाय कंपनीला बघता येत नाही. इथे मी विचारलं, माझा रिपोर्ट अजून कोणाकडे जातो? तर रिसेप्शनच्या मॅडम म्हणतात, "ते तुम्ही एचआरला विचारा ना सर." घ्या!

पाचपैकी अडीच स्टार. कंपनी पैसे भरतेय तर जाऊन या, फक्त तासांचा विषय तुम्हीच काढा. मी काढला तेव्हा कुठे डॉक्टरांनी मान वर केली आणि आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून आणायला सांगितलं. शनिवार टाळा, तुफान गर्दी असते, आणि पार्किंग नाहीच, रिक्षाने गेलेलं बरं.