स्विफ्ट डिझेलला बसवलेला आफ्टरमार्केट टर्बो: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, रनिंग १ लाख ६२ हजार. मूळ टर्बोबद्दल (धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पार्ट) तक्रार नाही, बिचाऱ्याने अकरा-बारा वर्षं काढली, त्यातली निम्मी धायरी ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये. शेवटी निळा धूर आणि खंबाटकी चढताना सेकंड गिअरमध्ये पण दम लागायला लागला तेव्हा गॅरेजवाल्या दादांनी इनटेकचा पाईप काढून आत बोट घालून पंखा हलवून दाखवला, पंखा चक्क हाऊसिंगला टेकत होता.

ओरिजिनलची किंमत ऐकली आणि गाडीच्या रीसेलशी ताळा घातला, मग आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पार्ट घ्यायला पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजाराची, नाना पेठेची वाट धरली. इंजिन फियाटचं १.३ मल्टिजेट. विस्टा, पुंटो, लिनिया, स्विफ्ट सगळ्यांना हेच, आणि आपल्या रांजणगावात ढीगभर बनलेलं, त्यामुळे पार्टची कमी नाही. उलट चॉईस जास्त हीच भानगड. ७५ पीएसवाल्याला (पीएस म्हणजे इंजिनची ताकद) साधा फिक्स जॉमेट्रीचा टर्बो लागतो आणि ९० पीएसवाल्याला व्हीजीटी, म्हणजे आतल्या पात्या हलणारा, तेव्हा जुन्या टर्बोवरच्या नंबरपट्टीचा फोटो घेऊनच जा, काउंटरवरचा पोरगा फक्त "स्विफ्ट डिझेल ना?" एवढंच विचारतो.

मी घेतला १४,५०० ला, एक वर्ष वॉरंटी, जीएसटी बिलासकट. ब्रँडचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, विचारू नका.

बॉक्स उघडला तेव्हाच खरं तर थांबायला पाहिजे होतं. ऑइलच्या भोकाला प्लास्टिकचं टोपण नव्हतं. ॲक्च्युएटरच्या (टर्बोचं प्रेशर कंट्रोल करणारा भाग) रॉडवरचा लॉकनट हाताने फिरत होता, त्यावर सेटिंगनंतर मारतात तो रंगाचा ठिपका पण नाही. आणि बॅलन्सिंगची चिठ्ठी नाही. ही चिठ्ठी काय असते ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरतो, म्हणून नीट काम करणारे लोक कोअर (शाफ्ट, पंखे, बेअरिंगचा मधला भाग) मशीनवर पूर्ण स्पीडला फिरवून बॅलन्स करतात आणि त्याचा ग्राफ बॉक्समध्ये टाकतात. दादांना म्हणलं हे बघा ना जरा, तर ते म्हणाले "अहो साहेब चालतंय, सगळे असेच येतात". बसवला.

पहिल्याच दिवशी नवले पुलाच्या चढावर दोन हजार आरपीएमच्या पुढे जी शिट्टी सुरू झाली ती डायरेक्ट ॲम्ब्युलन्स. अतिशयोक्ती नाही, पुढच्या रिक्षावाल्याने साईड दिली! बायको म्हणाली कुकर लावलाय का बॉनेटखाली. टर्बोचा थोडा आवाज असतो हे मलाही कळतं, पण थोडा म्हणजे खिडकी खाली करून भिंतीशेजारून जाताना ऐकू येईल इतका, काचा बंद आणि एफएम चालू असताना नाही.

दादांचं म्हणणं, पाईप लीक असेल. बरोबर शंका होती, कारण होज लीक असलं की पण शिट्टी येते. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) दोन्ही होज साबणाचं पाणी मारून हलकी हवा भरून तपासले, एक बुडबुडा नाही. एक्झॉस्टच्या पॅकिंगला काजळी पण नाही. म्हणजे आवाज आतूनच.

दुकानात फोन. "रन-इन होऊ द्या, पाचशे किलोमीटरनंतर जातो आवाज." टर्बोला रन-इन बिन-इन काही नसतं, पण मी पण येडा, पाचशेच्या जागी हजार केले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी स्टार्ट केली की पार्किंगमध्ये निळा धूर, आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या फ्लॅट नंबरसकट फोटो.

आता दुकानदार म्हणे फिटिंग चुकलंय, दादा म्हणे माल खराब आहे, आणि मध्ये मी. इथे प्रामाणिकपणे सांगतो, दोघंही थोडे थोडे खरे होते. टर्बो परत उतरवला तेव्हा खालच्या ऑइल रिटर्नच्या पॅकिंगला दादांनी हौसेने सिलिकॉन लावलं होतं आणि त्याची वळवळणारी करडी अळी आत सरकून अर्ध्या भोकावर लोंबत होती. रिटर्नचं ऑइल नुसतं उतारावर खाली येतं, त्याला मागून प्रेशर नसतं, वाट अडली की ऑइल कोअरमध्ये साचतं आणि सीलमधून पंख्याच्या बाजूला जातं. तिथे सिलिकॉन लावायचंच नाही, कोरडं पॅकिंग. फीड पाईप (टर्बोला ऑइल आणणारा) पण जुनाच ठेवलेला, त्याच्या पोकळ बँजो बोल्टमध्ये कार्बन इतका की टाचणी जाईना. नवीन पाईप, नवीन बोल्ट, ऑइल फिल्टर, फाईव्ह डब्ल्यू थर्टी ऑइल, सगळं बदललं. बसवताना टर्बोत आधी ऑइल ओतलं आणि इंजिन चालू न होऊ देता नुसता स्टार्टर मारून प्रेशर येऊ दिलं, जे पहिल्या वेळी केलंच नव्हतं.

धूर ऐंशी टक्के गेला. शिट्टी जशीच्या तशी.

मग माझा आतेभाऊ, भोसरीला टूलरूममध्ये आहे, तो रविवारी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) मॅग्नेटिक स्टँडसकट घेऊन आला. या असल्या टर्बोत शाफ्ट आडवा थोडा हलतो, ते नॉर्मल आहे कारण बेअरिंग ऑइलवर तरंगतं, त्यावरून भांडू नका, दुकानदार जिंकेल. बघायचं ते पुढे-मागे. तिथे साधारण ०.१ मिमीच्या आत पाहिजे, आमचा काटा ०.२१ वर गेला, तीनदा मोजलं, तिन्ही वेळा मोबाईलवर शूट केलं. पंख्याच्या पात्या मात्र शाबूत, एकाही कडेला टवका नाही. हे पण क्लोजअपमध्ये काढून ठेवलं, कारण "बाहेरून खडा गेला" हे त्यांचं पुढचं वाक्य असणार हे भावाने आधीच सांगितलं होतं. आणि तेच आलं! शब्दशः.

यावर "बाकी ऑइल न मिळाल्यामुळे पण प्ले येतो" (प्ले म्हणजे शाफ्टचं हे हलणं) असं दुकानदार म्हणाला. मुद्दा चुकीचा नव्हता, आमचा फीड पाईप खराब होताच. पण ऑइल न मिळालेला शाफ्ट जळून निळसर पडतो, आमचा स्वच्छ होता, आणि शिट्टी तर पहिल्या दिवसापासून होती, त्या दिवशीचा तारखेसकट व्हिडिओ होता. हा व्हिडिओ मी निव्वळ भावाला ऐकवून हसायला म्हणून काढलेला, तोच कामाला आला.

तरी दीड महिना "कंपनीचा माणूस येऊन बघेल" यात गेला. माणूस आला नाही. मग फोन बंद केले आणि सगळं ईमेलवर लिहिलं, बिल, व्हिडिओ, मोजमाप, आणि १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. सोबत साध्या भाषेत लिहिलं की २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं आणि पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. धमकी नाही, नुसती माहिती. नवव्या दिवशी फोन आला, "साहेब तुम्ही आधी सांगायचं ना". कपाळ!

दुसरा पीस घेताना मी काउंटरवरच उघडला. टोपणं सगळी, बॅलन्सचा ग्राफ होता, लॉकनटवर पिवळा ठिपका. मागे चार गिऱ्हाईकं उभी होती, राहू देत.

बसवल्यावर शिट्टी गायब, पण पिकअप मेला. चेक इंजिनचा लाईट, स्कॅनरवर पी ०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेलं हवेचं प्रेशर) कमी. हातपंप लावून बघितलं तर ॲक्च्युएटरचा रॉड लवकरच सरकायला लागायचा, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) वेळेआधी उघडून प्रेशर सोडून देत होता. म्हणजे पिवळा ठिपका नुसता शोभेचा. हे सेटिंग कोथरूडच्या एका टर्बोवाल्याने गेज लावून चाळीस मिनिटात केलं, ८०० रुपये. घरी स्पॅनर घेऊन करू नका, रॉड जास्त आवळला तर बूस्ट वाढतो आणि इंजिन त्याची किंमत वसूल करतं.

त्यानंतर आजपर्यंत ९,४०० किमी. हायवेला २१ च्या आसपास, गावात १६. खंबाटकी थर्डमध्ये चढते. पाईपमध्ये ऑइलचा पातळ थर दिसतो, पण तो ब्रीदरचा (इंजिनातली ऑइलची वाफ इनटेकमध्ये सोडणारा पाईप), बोटाला लागेल इतकाच, थेंब जमत नाही. थंडीत सकाळी पहिल्या मिनिटाला बारीक गुणगुण येते. ती मी सोडून दिलीय.

घ्यावा का? या ब्रँडचा मी परत घेणार नाही. आफ्टरमार्केट घेईन, पण बॅलन्सचा ग्राफ असेल तरच, आणि फीड पाईपचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढून. दोन वेळच्या उतरव-चढवीची मजुरी, ऑइल, पाईप धरून टोटल २६ हजारांवर गेली. मजुरी दुकानदाराने दिली नाही, दादांनी मात्र दुसऱ्या वेळची स्वतःहून घेतली नाही, सिलिकॉनचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

एक राहिलंय. वॉरंटी ते पहिल्या बिलाच्या तारखेपासून धरतायत, बदलीच्या पीसपासून नाही, म्हणजे माझ्या हातात चार महिने. बदलीची तारीख बिलावर शिक्क्यासकट लिहून द्या म्हणलंय, मालक शनिवारी असतो म्हणे. शनिवारी नाना पेठेत, आणि तेही चारचाकी घेऊन. बघू, भावाची ॲक्टिव्हा मागतो.