कॅसिनोत एक दिवस: कॅश गेम की टूर्नामेंट?

हौशी खेळाडूला पोकरसाठी एकच दिवस मिळत असेल, तर बसायचं कुठे? कॅश गेममध्ये समोरची चिप म्हणजे रोख पैसाच. ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधी दोघा खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या रकमा, एक लहान, एक मोठी) ठरलेले, कंटाळा आला की उठा, चिप्स वटवा, निघा. पण हीच सोय घात करते. हरलेला माणूस पुन्हा खिशात हात घालतो, आणि कॅसिनो आपला रेक, म्हणजे डावातल्या पैशातला वाटा, कापून घेतोच.

टूर्नामेंटमध्ये नुकसान प्रवेश फीपुरतंच (री-एंट्रीचा, म्हणजे पुन्हा फी भरून उतरण्याचा, मोह आवरला तर!). चिप्स संपल्या की बाहेर. ब्लाइंड्स ठरावीक वेळाने चढत जातात, त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसणाऱ्याचा ढीग आपोआप झिजतो. दहा बिग ब्लाइंड्स (मोठ्या ब्लाइंडच्या दहापट चिप्स) उरलेत आणि हातात गुलामांची जोडी आली, तर बहुतेकदा सगळं पुढे सरकवावंच लागतं. कॅश गेममध्ये शंभर बिग ब्लाइंड्स समोर असताना तीच जोडी जपून खेळता येते. बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत, राजा-राणी उतरले तर मुकाट टाकताही येते. शिवाय टूर्नामेंटचं बक्षीस मोजक्यांनाच. तासन्‌तास खेळून रिकाम्या हाताने परतणारेच जास्त.

तरी नवख्याने छोटी टूर्नामेंटच घ्यावी, असं माझं मत. लवकर बाद झालात आणि बसायचंच असेल, तर सर्वांत लहान ब्लाइंड्सचं टेबल शोधा.