स्वीट इटालियन सॉसेज: काही महिने घरी वापरल्यावर

पावसाळ्यापासून आमच्या फ्रीझरमध्ये याचं एखादं पाकीट असतंच. पुण्यात कॅम्पात, कोरेगाव पार्कात फ्रोझन मांस ठेवणाऱ्या दुकानांत ते कधी मिळतं, कधी नाही, म्हणून दिसलं की जास्तीचं घेऊन ठेवते.

गोव्याच्या चोरिसाची चव डोक्यात ठेवून हे घेऊ नका. यात ना व्हिनेगरचा आंबटपणा, ना लाल मिरचीचा जाळ; नावातलं ‘स्वीट’ म्हणजे गोड नव्हे, तिखट नसलेलं. जाडसर दळलेलं पोर्क, मीठ, मिरी, लसूण आणि बडीशेप, एवढंच मुख्य. शिवाय ते कच्चं असतं. नाश्त्याच्या तयार सॉसेजसारखं नुसतं गरम करून चालत नाही, आत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजायला हवं.

माझं ठाम मत असं की, अख्खं भाजण्यापेक्षा आवरण सोलून खिम्यासारखं वापरावं. पाकीट स्वस्त नाही, पण अशा वापरात दोन-तीन सॉसेजमध्ये चौघांचं जेवण होतं. मसाला आणि चरबी दोन्ही त्यातच असल्याने भाजीला वेगळं काही लागत नाही.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त होतो तो मेथीचा पास्ता. इटलीच्या पुल्या भागात ओरेकिएते पास्ता किंचित कडसर पालेभाजीबरोबर करतात, आणि त्यात सॉसेजही पुष्कळ जण घालतात. ती भाजी इथे कुठून आणायची? पण हिवाळ्यात मंडईत कोवळ्या मेथीच्या जुड्या असतात आणि तिचा कडवटपणा बडीशेपेला अगदी शोभतो. थंड कढईत तेल न घालता सॉसेज मोकळं करायचं, मंद आचेवर चरबी सुटू द्यायची, मग आच वाढवून खरपूस करायचं. ठेचलेला लसूण, चिमूटभर मिरचीचे तुकडे, चिरलेली मेथी. पास्ता उकळलेलं पाणी अर्धी वाटी घालून जोरात हलवलं की चरबी आणि ते पिठूळ पाणी एकजीव होऊन पास्त्याला लागतं. मीठ अगदी शेवटी, चव बघूनच, कारण सॉसेज मुळात खारट असतं.

दुसरा पदार्थ अख्खा मसूर. इटलीत नववर्षाला कोतेकिनो नावाचं पोर्क सॉसेज मसुराबरोबर खातात, त्यावरून हे सुचलं. सॉसेज परतून बाजूला काढायचं, त्याच चरबीत कांदा, गाजर आणि टोमॅटो, मग भिजवलेला मसूर आणि पाणी. कुकर नको, दाणा फुटतो. मसूर मऊ झाला की सॉसेज परत घालून झाकण ठेवायचं आणि ते पूर्ण शिजू द्यायचं. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे इतकं छान लागतं की पावाची आठवणही येत नाही. मात्र गोडा किंवा गरम मसाला घालू नका. बडीशेप पार दबून जाते, मग एवढे पैसे कशाला घालवायचे!

ढोबळी मिरची-कांद्याबरोबर परतून पावात भरलं तर मुलं आनंदाने खातात. पिझ्झावर घालायचं असेल तर आधी शिजवून घ्या.

अख्खंच हवं असेल तर काट्याने टोचू नका, रस निघून जातो. पसरट तव्यात थोडं पाणी घालून झाकण ठेवा, पाणी आटलं की त्याच चरबीत फिरवत लाल करा.

तक्रार एकच: प्रत्येक पाकिटात चरबीचं प्रमाण सारखं नसतं. कधी इतकी सुटते की चमचाभर काढून टाकावी लागते. आणि गोठलेल्या सॉसेजचा बर्फ ओट्यावर नाही, रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यावा. बर्फ वितळला की एक-दोन दिवसांत संपवा.

घरात पोर्क चालत नसेल त्यांच्यासाठी चिकनचं कधीकधी दिसतं. त्यात चरबी कमी, म्हणून आधी चमचाभर तेल घालावं लागतं. मेथीच्या पास्त्यात ते चालतं, मसुरात कोरडं पडतं.