नॉम बाखेंगच्या पायथ्याशी आमचे ५५ डॉलर गेले

डिसेंबरात आम्ही दोघं कंबोडियाला, सिएम रीपला गेलो होतो. नॉम बाखेंगच्या टेकडीखाली आम्हाला ५५ डॉलरला गंडवलं. साडेचार हजार रुपयांच्या वर गेले. तिकडे जाणार असाल तर आधी हे वाचा.

वरच्या देवळात एका वेळी ३०० माणसांनाच सोडतात. तिथून अंकोर वाटचं प्रसिद्ध देऊळ दिसतं, म्हणून सूर्यास्ताला ही गर्दी लोटते. पायथ्याशी गळ्यात कार्ड घातलेला एक जण आला. "आजचे तीनशे भरले, पण एका ग्रुपच्या दोन जागा आहेत, माणशी २५ डॉलर." पुढचं सांगायला नकोच. वर ५ डॉलर 'गेटवाल्याचे'. ह्यांचा गुडघा सुजला होता, तासभर रांगेत उभं राहणं शक्यच नव्हतं. हौसेखातर नाही दिले मी पैसे.

पण ती पावती! एकतीस वर्षं बँकेत कॅशला बसले मी. पावतीला नंबर नाही, तारीख नाही, नुसता जांभळा शिक्का. घडी घालताना त्याची शाई माझ्या अंगठ्याला लागली. ओली होती! म्हणजे आत्ता, झाडाआड आम्हाला उभं करून मारलेला. मी अंगठा रुमालाला पुसला आणि चढायला लागले. तो क्षण आठवला की अजून झोप उडते. सकाळीच तिकीट केंद्रावर आमचे फोटो काढून अंकोरच्या देवळांचे तीन दिवसांचे पास दिले होते, प्रत्येकी ६२ डॉलर, दोघांचे १२४. त्याच पासावर बाखेंग बघता येतं, वेगळा पैसा लागत नाही. हे मला माहीत होतं!

रांगेपासून बाजूला नेऊन कोणी पैसे मागितले की सरळ उलटं फिरा.

वरच्या रखवालदाराने पास बघितले, चिठ्ठी परत हातात दिली आणि रांगेचं शेपूट दाखवलं. हे दगडावर बसले, मी उभी राहिले. सूर्य रांगेतच बुडाला. यशोवर्मन राजाने अकराशे वर्षांपूर्वी बांधलेलं शंकराचं देऊळ, त्याच्या पायरीलाही माझं डोकं टेकलं नाही. चारच्या आतच पायथा गाठा, नाहीतर पहाटे जा, पाचला उघडतं.

खाली चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, "त्याचं नाव काय?" चोर नाव सांगून चोरी करतो का? मग म्हणे पैसे तुम्ही आपखुशीने दिलेत. मग म्हणे साहेब उद्या येतील. दुसऱ्या दिवशी दोन तास बसवलं, साहेब आलेच नाहीत. टुकटुकवाल्याला ताटकळत ठेवल्याचे आणखी ६ डॉलर गेले. इथल्या टूर कंपनीला फोन केला तर, "मॅडम, ते आमच्या कार्यक्रमात नव्हतं." अहो, संध्याकाळ मोकळी ठेवून "बाखेंग नक्की बघा" हे तुमच्याच माणसाने सांगितलं होतं ना?

त्या माणसाचा फोटो काढून ठेवा, पैसे देण्याआधी. माझ्याकडे नाही. शेवटी चौकीत एक कागद भरून घेतला, तोही त्यांच्या भाषेत. प्रत मागितली तर मशीन बंद. पावतीही त्यांनीच ठेवून घेतली.