घरच्या फोटोंसाठी जुना डीएसएलआर की नवा फोन?

परवा तलावपाळीला फिरताना वहिनी म्हणाली, बाळाच्या फोटोंसाठी नवा फोन घेऊ की दादाचा कपाटातला डीएसएलआर बाहेर काढू? मी पण लेकीमुळेच सात वर्षांनी कॅमेरा परत हातात घेतलाय, म्हणून मनापासून सांगते.

खर्चाचं म्हणाल तर बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घरात आहेच, फक्त ५० एमएम एफ १.८ लेन्स घ्या (झूम नसते, पण कमी उजेडातही चालते), सेकंडहँड पण मिळते, चांगल्या फोनपेक्षा कितीतरी स्वस्त.

खरा फरक चेहऱ्यात. फोनची मेन लेन्स वाइड असते, साधारण २४-२६ एमएम (आकडा लहान तितकं जास्त फ्रेममध्ये मावतं), त्यामुळे अगदी जवळ गेलं की नाक मोठं दिसतं. डीएसएलआरच्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या जरा लहान चिपवर, ५० एमएम म्हणजे ७५-८० सारखी, त्यामुळे थोडं लांबून फोटो काढतो आणि चेहरा जसा आहे तसाच येतो. काल सासूबाई खिडकीत मेथी निवडत होत्या, तर बोटांना चिकटलेली माती पण फोटोत आली, इतकं बरं वाटलं! पण वन बीएचकेत मागे सरकायला जागा नसते हो, भिंतीला पाठ टेकते, सगळी एका फ्रेममध्ये हवीत तर फोनच.

संध्याकाळी घरात मूल धावत असेल तर फोनमध्ये हातपाय पुसट येतात. कॅमेऱ्यावर शटर १/२५० सेकंद ठेवा, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) वाढवा, थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तरी चालतो.

जपायला मात्र कॅमेराच कटकटीचा. ठाण्याच्या पावसाळ्यात माझ्या एका लेन्सला बुरशी लागली, आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवते.

व्हिडिओ आणि गावी लगेच फोटो पाठवायचे असतील तर फोन घ्या. रोज दहा मिनिटं निवांत बघत फोटो काढायचेत, त्यांनी कॅमेरा. वहिनीला मी बॅटरी चार्जिंगला लावायला सांगितलंय.